अडलेलं बाळंतपण: ओळखायचं कसं आणि गाडी कधी काढायची

आपल्याकडे बाळंत होण्याला 'सुटका झाली' म्हणतात आणि न होण्याला 'बाई अडली'. 'अडली गाय फटके खाय' अशी म्हणही आहे. म्हणीतले फटके मी डोळ्यांनी पाहिलेत. आरोग्यसेविका म्हणून ३१ वर्षं देवगड-राजापूरच्या पट्ट्यात काढली. तेवढ्या काळात अडलेल्या बाईच्या मांडीवर चापट्या, 'जोर लाव गो' म्हणून ओरडा, पोटावर दोन्ही हातांचा रेटा आणि वर कळा वाढवायचं इंजेक्शन, हे सगळं बघितलं. त्यातल्या कशानेही अडलेलं सुटत नाही. रेट्याने आणि इंजेक्शनने मात्र पिशवी, म्हणजे गर्भाशय, फाटू शकते.

हे लिहितेय ते घरच्या माणसांसाठी, आशाताईंसाठी आणि उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांसाठी. औषधांच्या मात्रा पुढे येतील. त्या घरच्यांनी नुसत्या वाचाव्यात, हात लावू नये.

अडणं आणि रेंगाळणं

आधी हा फरक डोक्यात पक्का करा. कळा कमी, लांब लांब, थोडा वेळ टिकून विरणाऱ्या असतील आणि म्हणून बाळंतपण पुढे सरकत नसेल, तर ते रेंगाळलंय. कळा जोरदार आहेत, बाई घामाघूम आहे, तरी बाळाचं डोकं खाली उतरत नाही, तेव्हा वाट अडलेली आहे. रेंगाळलेल्या बाईला रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, सलाइनमधून ऑक्सिटोसिन देऊन कळा वाढवता येतात. तेच औषध अडलेल्या बाईला दिलं की गर्भाशय बंद दारावर आणखी जोराने धडका मारतं.

वाट अडते ती बहुतेक वेळा डोकं आणि कमरेच्या हाडांची कडी, जिला आम्ही पेल्व्हिस म्हणतो, यांचं माप जुळत नाही म्हणून. कधी बाळ आडवं असतं. कधी डोकं खाली असतं पण कपाळ पुढे करून येतं, किंवा तोंड आईच्या पोटाकडे वळलेलं राहतं. क्वचित बाळाच्या डोक्यात पाणी साठलेलं असतं, क्वचित गर्भाशयाची गाठ मधे येते. माप जुळेल की नाही हे बहुतेक बायकांत कळा सुरू झाल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. सोनोग्राफीत 'सगळं नॉर्मल' आलं म्हणून बाई अडणारच नाही, असा हिशेब धरू नका.

बाळ मोठं होऊन अडू नये म्हणून पोटुशीला अर्धपोटी ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे. त्याने हाडांची कडी रुंद होत नाही. आई अशक्त होते आणि रक्तस्राव झाला तर तो सोसायची तिची ताकद जाते, एवढंच.

आठव्या-नवव्या महिन्यातली तयारी

गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड उघडून चार गोष्टी बघा. उंची १४० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण ४ फूट ७ इंचांपेक्षा कमी आहे का. आधी सिझेरियन झालंय का, किंवा आधीचं मूल फार वेळ अडून, चिमटा-व्हॅक्यूम लावून, नाहीतर मृत जन्मलंय का. पोलिओ, अपघात, लहानपणचा मुडदूस यांनी कंबर किंवा पाय वाकडा आहे का. साखर वाढलेली आहे का, कारण साखरेच्या आईचं बाळ अंगाने मोठं होतं. यातलं एक जरी असेल तर बाळंतपण जिथे सिझेरियन होतं तिथेच, हे आत्ताच ठरवा. ३६व्या आठवड्यानंतर पोट तपासून घ्या. बाळ तेव्हाही आडवं असेल, तर कळांची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांत ही तपासणी फुकट होते. ठेंगणी बाई अडतेच असं नाही आणि धिप्पाड बाई सुटतेच असंही नाही. उंची ही फक्त सावध करणारी खूण.

आता रस्ता. कोकणात बाळंतपणाचं वेळापत्रक भूगोल ठरवतो. घर डोंगरउतारावर, वाडीपासून डांबरी रस्ता पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दीडशे पायऱ्या खाली. मधे खाडी. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी दिवसा तासांचा वळसा वाचतो, पण रात्री उशिरा फेरी नसते. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड येते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा घराबाहेर पडणंच मुश्किल होतं. रत्नागिरीहून कोल्हापूर गाठायचं तर आंबा घाटातून साधारण १३० किलोमीटर. दक्षिण सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धावतात.

म्हणून कागदावर उलटी मोजणी करा. खुर्चीतून पाखाडी उतरायला २५ मिनिटं, गाडी यायला ४०, रस्ता ७०, पोचल्यावर ऑपरेशनची तयारी ३०. झाले पावणेतीन तास. घरापासून असा आकडा काढून तो कार्डाच्या मागे लिहा. दोन तासांच्या वर जात असेल तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी बाईला तालुक्याच्या गावी, नातेवाइकांकडे नेऊन ठेवा. आषाढ-श्रावणात तर नक्कीच. राज्याच्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्रालगत 'माहेरघर' असतं ते याचसाठी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत चांगली, पण माहेर खाडीपलीकडच्या टोकाला असेल तर यावेळी आईनेच लेकीकडे यावं.

घरात कळा सुरू झाल्या

घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा, कारण नंतर प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतो. 'संध्याकाळपासून' म्हणजे पाच की नऊ, यावर रुग्णालयातला निर्णय फिरतो. पाणी कधी गेलं, रंग कसा होता, तेही लिहा. हिरवट पाणी म्हणजे बाळाने आत शी केली आहे.

हात पोटावर सपाट ठेवून कळा मोजा. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत किती मिनिटं, आणि पोट किती सेकंद कडक राहतं. दर पाचेक मिनिटांनी, चाळीसेक सेकंदांच्या कळा नेमाने येऊ लागल्या की निघायचं. घर लांब असेल तर त्याच्याही आधी. पाणी गेलं असेल, किंवा आधी सिझेरियन झालेलं असेल, तर कळा मोजत बसू नका.

निघेपर्यंत बाईला चालू-फिरू द्या, पेज, लिंबू सरबत, कोकम सरबत द्या, आणि दर दोन तासांनी लघवीला पाठवा. भरलेलं मूत्राशय डोक्याच्या वाटेत उशीसारखं बसतं, हे फार थोड्या जणांना माहीत असतं. एरंडेल नको, गावठी काढा नको. सुईण घरात असेल तर तिच्या धीराच्या शब्दांचा उपयोग आहे. आत हात घालण्याचा नाही, त्याने जंतू आत जातात.

उपकेंद्रात: कागदावरची रेघ

१९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, बाळंतपणाच्या आलेखावर दोन तिरप्या रेघा मारल्या. पहिली सावधानतेची, दुसरी तिच्या उजवीकडे चार तासांवर, कृतीची. ते चार तास खेड्यातल्या सुईणीला बाई शहरातल्या रुग्णालयात पोचवता यावी म्हणून होते. म्हणजे या आलेखात, पार्टोग्राफमध्ये, रस्ता पहिल्यापासून धरलेला आहे. आपल्याकडे ही गोष्ट कुणी शिकवत नाही, आणि सिस्टर बाळंतपण उरकल्यावर रजिस्टर पुरं करायला आलेख भरते. तो मागून भरलेला आलेख कुणाच्या उपयोगाचा नाही.

आपल्या आलेखात पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यापासून नोंद सुरू होते आणि तासाला निदान १ सेंटिमीटर उघडावं अशी रेघ असते. सावधानतेची रेघ ओलांडली की उपकेंद्रातून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाई हलवायची. कृतीची रेघ ही ऑपरेशन थिएटर असलेल्यांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ही तासाला एक सेंटिमीटरची अट सैल केली आणि २०२० च्या नव्या तक्त्यात सक्रिय कळा ५ सेंटिमीटरपासून धरल्या. त्यात ५ वर सहा तास, ६ वर पाच, ७ वर तीन, ८ वर अडीच, ९ वर दोन तास अडकली तर धोक्याची खूण. नव्या तक्त्याचा हेतू विनाकारण घाई आणि विनाकारण सिझेरियन टाळण्याचा आहे, आणि तो मला पटतो. पण थिएटर दोन-तीन तास लांब असेल तर जुनी रेघच बरी, असं माझं मत आहे. तुमच्या केंद्रात जो तक्ता ठरला असेल तो पाळा, फक्त रस्त्याचे तास त्यातून वजा करायला विसरू नका.

दर अर्ध्या तासाला कळा दहा मिनिटं मोजा, बाळाचे ठोके ऐका, आईची नाडी बघा. ठोके ११० ते १६० मधे हवेत, आणि ऐकायचे ते कळ संपल्या संपल्या, निदान मिनिटभर. आतली तपासणी चार तासांनी, स्वच्छ हातमोज्यांनी. मधे मधे 'बघू किती उघडलं' करू नका.

माझा सगळ्यात भरवसा पोटावरच्या पाच बोटांवर. ओटीच्या हाडाच्या वर डोकं किती बोटं लागतं ते बघा. पाचही बोटं लागली तर डोकं वर तरंगतंय, दोन किंवा कमी लागली तर ते आत बसलंय. जोरदार कळांत तीन-चार तास गेले आणि बोटं कमी होत नाहीत, तर आत कितीही सेंटिमीटर उघडलेलं असो, संशय घ्या. आतून तपासताना डोक्यावरची सूज हाताला लागते आणि डोकं खाली आल्यासारखं वाटतं. नवी सिस्टर इथे हमखास फसते. सूज खाली येते, हाड वरच असतं. बाळाच्या कवटीच्या हाडांमधल्या शिवणी एकमेकींना भिडल्या तर आलेखात एक अधिक (+) लिहायचं, एकावर एक चढल्या पण बोटाने मागे सरल्या तर दोन, सरेनात तर तीन. डोकं वर असताना तीन अधिक म्हणजे माप जुळत नाही.

पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीला तीन तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेलीला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असं पुस्तक म्हणतं. उपकेंद्रात तेवढं थांबायचं नाही. तास-दीड तासात डोकं सरकलं नाही की गाडी.

उशीर झाल्याच्या खुणा

जीभ कोरडी, डोळे खोल, नाडी ११० च्या पुढे, अंगात ताप. लघवी होत नाही, झाली तर लालसर. खालचा भाग सुजलेला, आतून गरम आणि कोरडा. पाण्याला घाण वास. बाळाचे ठोके फार जलद किंवा फार मंद.

आणि पोटावरची खाच. भोपळ्याला मधे दोरी आवळावी तशी बेंबीच्या खाली एक आडवी खाच दिसते आणि दर तासाला वर चढते. वरचं गर्भाशय आवळून जाड, खालचं ताणून कागदासारखं पातळ झालेलं असतं. भरलेल्या मूत्राशयानेही असाच फुगवटा दिसतो, म्हणून नळी घालून लघवी काढा. तरी खाच राहिली तर गर्भाशय फाटायच्या बेताला आलंय.

पहिलटकरीण आणि तिसऱ्या खेपेची यांच्यातला फरक जिवावर बेततो. पहिलटकरणीचं गर्भाशय झुंजून झुंजून बहुधा थकतं आणि कळा मंदावतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बाईचं गर्भाशय थकत नाही, फाटेपर्यंत ढकलत राहतं. घरच्यांचं गणित नेमकं उलटं असतं.

एका वाडीवर मला पहाटे बोलावलं होतं. तिसरी खेप, कळा आदल्या संध्याकाळपासून. सासू म्हणाली, "बाईनू, तिसरा ता, आपसूक सुटतला. वायच थांबया." मी चादर बाजूला केली तर खाच बेंबीपर्यंत आलेली. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून तिला पाखाडी उतरवली. जवळच्या रुग्णालयात पोचलो तर भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. तिथून पुढे दीड तास. वाटेत ती एकदम ओरडली आणि मग कळा थांबल्या. गाडीतले सगळे म्हणाले, बरं झालं, आराम पडला. मी नाडीवर बोट ठेवून बसले होते, नाडी धाग्यासारखी झाली होती. ती वाचली, गर्भाशय काढावं लागलं, बाळ गेलं.

जोरदार कळा अचानक थांबणं, पोटात फाटल्यासारखी कळ येऊन मग सुन्न होणं, बाळाचे हातपाय कातडीखालीच लागणं, ठोके न मिळणं, बाई पांढरीफटक पडणं: हे गर्भाशय फाटल्याचं चित्र. खाली रक्त दिसेलच असं नाही, ते पोटात साठतं.

हलवायचं ठरलं

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. १०२ ची गाडी गरोदर बाईसाठी असते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात नेणं, तिथून पुढे पाठवणं, बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि घरी परत सोडणं, सगळं मोफत आहे. पैशांची जुळवाजुळव करण्यात रात्र घालवू नका.

गाडी येईपर्यंत जिथे न्यायचं तिथे फोन करून तीन प्रश्न विचारा. सिझेरियन करणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का? भूल देणारे आहेत का? तिच्या गटाचं रक्त आहे का? तिन्हीला 'हो' मिळेल तिथेच जा, दहा किलोमीटर लांब पडलं तरी. 'आधी जवळ दाखवू, मग बघू' यात ज्या बायका गेल्या त्यांचा हिशेब माझ्याकडे आहे, आणि तो लहान नाही.

सिस्टरने दरम्यान हे करावं. जाड सुईने शीर धरावी, १६ किंवा १८ नंबरची, आणि रिंगर लॅक्टेट सुरू करावं. बाई कोरडी पडली असेल तर पहिली लिटरभर जलद. लघवीची नळी घालावी. डोकं अडकून नळी आत जात नसेल तर जबरदस्ती नको. तापाचा किंवा वासाच्या पाण्याचा संशय असेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यावा. अँपिसिलिन २ ग्रॅम शिरेतून आणि जेंटामायसिन किलोला ५ मिलिग्रॅम ही नेहमीची जोडी, अ‍ॅलर्जी विचारूनच. ऑक्सिटोसिन चालू असेल तर बंद. आता तोंडाने खाणंपिणं नाही, नुसते ओठ ओले करायचे, कारण भूल द्यावी लागेल. बाईला डाव्या कुशीवर झोपवा, जोर लावू देऊ नका, कळ आली की तोंडाने फूफू श्वास सोडायला सांगा. पोट कुणीही दाबायचं नाही. आडव्या बाळाचा हात बाहेर आला असेल तर तो ओढायचाही नाही, आत ढकलायचाही नाही. स्वच्छ कपड्यात गुंडाळून तसाच ठेवायचा.

चिठ्ठीवर कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, डोकं किती बोटं, काय औषध कधी दिलं, रक्तगट कोणता, हे लिहा आणि आलेख सोबत द्या. रक्त देऊ शकणारी दोन माणसं गाडीतून किंवा मागोमाग जाऊ देत. बाळंतपणाचं किट आणि बाळाला गुंडाळायचे कपडे बरोबर ठेवा.

डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले तर मात्र तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब. दोन माणसांनी बाईचे दोन्ही गुडघे पोटाकडे घट्ट दुमडावेत आणि तिसऱ्याने ओटीच्या हाडाच्या लगेच वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने, तळहाताने दाबावं. पोटाच्या वरच्या टोकाला दाबू नये, मान ओढू नये.

रुग्णालयात आणि त्यानंतर

अडल्याची खात्री झाली की बहुधा सिझेरियन. तोंड पूर्ण उघडलेलं, डोकं पुरेसं खाली आणि माप जुळतंय अशी खात्री असेल तर व्हॅक्यूम. गर्भाशय फाटलं असेल तर पोट उघडून शिवतात किंवा काढतात. 'पिशवी का काढली' म्हणून ऑपरेशन थिएटरच्या दारात वाद घालणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्या क्षणी डॉक्टर आईचा जीव वाचवत असतात.

थकलेलं गर्भाशय बाळ आल्यावर नीट आकुंचन पावत नाही, म्हणून रक्तस्राव जास्त होतो. पहिले दोन तास पोट हाताला टणक लागतंय का आणि पॅड किती भिजतंय यावर लक्ष हवं. अडून आलेलं बाळ बऱ्याचदा लगेच रडत नाही, म्हणून श्वास द्यायची पिशवी आणि मास्क आधीच हाताशी ठेवायचा.

लघवीची नळी लवकर काढायचा आग्रह धरू नका. बाळाचं डोकं तासन् तास दाबून राहिलं की मूत्राशयाची भिंत मरते, आणि तीन ते दहा दिवसांनी तिथे भोक पडून लघवी सतत गळू लागते. फार वेळ अडलेल्या बाईला दहा ते चौदा दिवस नळी ठेवतात ती हे टाळायला. घरी आल्यावर कपडे सारखे ओले होत असतील, तर ते 'बाळंतरोग' म्हणून झाकू नका, वेगळी खोली देऊ नका. त्याच आठवड्यात रुग्णालयात न्या. भोक लहान आणि ताजं असेल तर काही आठवडे नळी ठेवून कित्येकदा आपोआप भरतं, नाहीतर शस्त्रक्रियेने शिवता येतं. एखादीचा पाऊल उचलताना पाय लोंबकळतो. तोही दाबलेल्या मज्जातंतूचाच परिणाम, डॉक्टरांना सांगा.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून तो नवऱ्याच्या, आईच्या आणि आशाताईच्या फोनमध्ये ठेवा. अडून सिझेरियन झालेल्या किंवा पिशवी शिवलेल्या बाईचं पुढचं बाळंतपण घरी, उपकेंद्रात किंवा 'यावेळी बघू नॉर्मल होतंय का' म्हणून लहान दवाखान्यात होता कामा नये. पिशवी शिवलेली असेल तर पुढच्या खेपेला कळा सुरू व्हायच्या आधीच ऑपरेशन ठरवतात, आणि त्या तारखेला खाडीला भरती असो की ओहोटी, बाई आधीच पलीकडच्या काठावर पोचलेली असली पाहिजे.